ताटात परत आलेले हंस

फेब्रुवारीत आमच्याकडे भाचीचं केळवण केलं, तेव्हापासून हे लिहीन लिहीन म्हणतेय. भाची म्हणजे नणंदेची मुलगी, म्हणजे मामाच्या घरचं केळवण, म्हणजे सासूबाईंच्या दृष्टीने घराण्याच्या अब्रूचा प्रश्न. २२ माणसं होती. मेनू ठरलेला, पुऱ्या, मसालेभात, अळूचं फदफदं, बटाट्याची भाजी, काकडीची कोशिंबीर आणि श्रीखंड. पण मला त्या दिवसांत प्लेटिंगचे व्हिडिओ बघायचं भयंकर वेड लागलेलं, ते नाही का चिमट्याने एकेक पाकळी ठेवतात आणि चमच्याच्या पाठीने क्रीमचा असा फराटा ओढतात की बघत राहावं, रात्री एक एक वाजेपर्यंत तेच चालायचं. त्यामुळे मी जाहीर करून टाकलं की ह्यावेळी श्रीखंड ताटात डावाने थापायचं नाही, वेगळ्या छोट्या प्लेटमध्ये, फळांचं गार्निश करून, हॉटेलसारखं द्यायचं.

सासूबाईंनी एवढंच विचारलं, "ते शोभेला का खायला?"

दोन्हीला, असं मी ठोकून दिलं.

तर शुक्रवारी रात्री चक्का टांगला, शनिवारी श्रीखंड झालं, आणि शनिवारी संध्याकाळी मी डायनिंग टेबलवर बावीस प्लेटा मांडून बसले. फळं भरपूर आणली होती, स्ट्रॉबेरी, किवी, अननस, सफरचंद, डाळिंब, रसभरी, मोसंबी, अंजीर. रविवारी सकाळी पुऱ्यांची गडबड असणार म्हणून हुशारी केली आणि १४ प्लेटांवर किवीच्या चकत्या आणि अननसाचे त्रिकोणी तुकडे आदल्या रात्रीच लावून फ्रीजमध्ये ठेवल्या. आमचा फ्रीज काय हॉटेलचा नाही, त्यासाठी सगळ्या भाज्या आणि दुधाच्या पिशव्या शेजारच्या काकूंकडे मुक्कामाला पाठवल्या. फोटो पण काढले. फोटोत खरंच छान दिसत होतं हो.

सकाळी दहा वाजता नवऱ्याने चव बघायला म्हणून एका प्लेटमधलं श्रीखंड बोटाने चाटलं आणि तोंड वाकडं केलं. "कडू लागतंय." मी म्हणलं काहीतरीच काय, वेलची जास्त झाली असेल. मग मी चाखलं. कडू. किवीच्या खाली पाण्याचं तळं आणि त्या तळ्याच्या काठचं श्रीखंड चक्क कडू. आठ प्लेटा मोकळ्या होत्या आणि पातेल्यात राहिलेलं श्रीखंड अगदी व्यवस्थित होतं, म्हणजे चूक श्रीखंडाची नाही, माझ्या सजावटीची.

नंतर शोधून वाचलं तर ह्यात गूढ काही नाही, साधं रसायनशास्त्र आहे जे मला बारावीला होतं आणि मी विसरले. किवीत ॲक्टिनिडिन नावाचं एक एन्झाइम असतं, अननसात ब्रोमेलेन, पपईत पपेन, आणि ही सगळी मंडळी प्रथिनं तोडणारी. दुधा-दह्यातल्या प्रथिनांचे त्यांनी तुकडे केले की त्यातले काही तुकडे चवीला कडू लागतात. दहा मिनिटांत होत नाही, पण रात्रभर ठेवलं तर होतंच होतं. कच्च्या पपईने मटण लुसलुशीत होतं ते ह्यामुळेच, आणि जिलेटिनच्या जेलीत ताजा अननस घातला की ती सेट होत नाही तेही ह्यामुळेच, अगर-अगरची (म्हणजे चायना ग्रासची) मात्र होते कारण त्यात प्रथिनच नाही. आणि गंमत म्हणजे उष्णतेने ह्या एन्झाइमचा जीव जातो. म्हणून पाईनॅपल शिरा कितीही दूध घालून केला तरी कडू होत नाही, डब्यातला अननस क्रीमवर चालतो. अननस पाकात पाच-सात मिनिटं उकळून गार करून लावला असता तर निदान अननसाने तरी घात केला नसता. किवीला तोही उपाय नाही कारण शिजवली की तिचा तो सुंदर हिरवा रंग जाऊन शेवाळी होतो. किवी फक्त वाढायच्या क्षणी ठेवायची, नाहीतर ठेवायचीच नाही.

असो. चौदा प्लेटांचं वरचं श्रीखंड खरवडून काढलं, पातेल्यातलं नवीन घातलं, आणि साडेदहा ते साडेबारा ह्या दोन तासात जे काही केलं त्यातून मी फळांच्या गार्निशबद्दल जेवढं शिकले तेवढं त्या सगळ्या व्हिडिओंतून मिळून शिकले नव्हते.

स्ट्रॉबेरीचा पंखा सगळ्यात सोपा. देठ आणि हिरवी टोपी तशीच ठेवायची, टोकाकडून देठाकडे पाच-सहा पातळ चिरा द्यायच्या पण टोपीच्या जरा अलीकडे थांबायचं, आणि मग अंगठ्याने हलकं दाबून फिरवलं की पंखा उघडतो. सुरी धारदार पाहिजे, बोथट सुरीने स्ट्रॉबेरी कापली जात नाही, चेंगरते. धुवायची तीही टोपीसकट आणि अगदी आयत्या वेळी, टोपी काढून धुतली की आत पाणी शिरतं आणि मग ती प्लेटवर रडत बसते. महाबळेश्वर-पाचगणीची स्ट्रॉबेरी फेब्रुवारीत भरात असते, २०१० साली तिला जीआय टॅग मिळाला वगैरे सगळं ठीक आहे, पण आमच्या स्टेशनबाहेर जे बॉक्स मिळतात त्यात वरच्या थरात पंख्याजोगी फळं आणि खाली जॅमजोगी, हे गृहीत धरूनच बॉक्स मोजा. आणि अजून एक, पंखा थेट श्रीखंडावर ठेवायचा नाही. काकडीला मीठ लावून ठेवलं की पाणी सुटतं ना, तसंच साखरेने फळाला सुटतं, कापलेली बाजू साखरेला टेकली की वीस मिनिटांत गुलाबी ओघळ. खाली पिस्त्याच्या भरडीचा छोटा ढीग करून त्यावर ठेवला तर बराच वेळ टिकतो.

आता हंस. सफरचंदाचा हंस हा माझा अभिमानाचा विषय होता. दोन वर्षांपूर्वी फ्रूट कार्व्हिंगचा एका दिवसाचा क्लास केलेला, दुपारी वडापाव धरून, आणि त्यातून मला एवढं एकच नीट येतं. अर्धं सफरचंद पालथं ठेवायचं, दोन्ही बाजूंना एकेक बटर नाइफ आडवी ठेवायची म्हणजे सुरी आरपार जात नाही, मग डाव्या उजव्या बाजूला आणि मध्ये अशा खाचा पाडायच्या, प्रत्येक खाचेतून निघालेल्या पाचरीतून अजून एक बारीक पाचर, तिच्यातून अजून एक, आणि ह्या पाचरी थोड्या थोड्या मागे सरकवत परत बसवल्या की पंख होतात. उरलेल्या अर्ध्यातून मान कापायची, लवंगेचे डोळे. दिसायला अप्रतिम. एकेकाला दहा मिनिटं लागतात, माझी सुरी चांगली चालली तर आठ. मी आठ हंस केले, भाची, होणारा जावई आणि मोठ्या माणसांसाठी.

सफरचंद काळं पडतं ते सगळ्यांना माहितीये. कापलं की पेशी फुटतात, आतलं एन्झाइम हवेतल्या ऑक्सिजनबरोबर कामाला लागतं आणि तपकिरी रंग तयार होतो. (आज एन्झाइमचाच दिवस दिसतोय.) लिंबाच्या पाण्यात बुडवलं की आम्लामुळे त्याचा जोर कमी होतो, एक कप पाण्याला एक टेबलस्पून लिंबाचा रस पुरतो. मिठाचं अगदी सौम्य पाणीही चालतं, जपानमध्ये मुलांच्या डब्यात सफरचंदाचे ससे करून देतात, साल दोन कानांसारखी ठेवून, ते मिठाच्या पाण्यातून काढतात. मी लिंबू वापरलं. हंस तीन तास पांढरे राहिले. त्यांचं आयुष्य तेवढंच पुरेसं होतं असं मला वाटलं होतं.

जेवणं झाली, सगळे छान म्हणाले, भाचीने फोटो काढले, विहीणबाईंनी पण काढले. मग मी प्लेटा उचलायला लागले.

हे मी आधी कधी नीट बघितलंच नव्हतं. जेवण कसं झालं ते माणसांना विचारून उपयोग नाही, सगळे छानच म्हणतात, उष्ट्या प्लेटा बघायच्या. आठ हंस गेले होते, सात परत आले. आठव्याला नणंदेच्या पुतण्याने पाण्याच्या ग्लासात पोहायला सोडलं होतं. एकानेही हंस खाल्ला नाही! एका आजोबांना विचारलं तर म्हणाले, "अगं एवढं सुंदर केलंयस, मोडवेना." आणि एकजण म्हणाले की त्यांना वाटलं प्लॅस्टिकचा आहे. पुदिन्याची पानं बावीसच्या बावीस परत. मोसंबीच्या सालीचे पीळ, जे मी पेन्सिलीला गुंडाळून गुंडाळून केले होते, तेही प्लेटच्या कडेला चिकटून बसलेले.

अंजीर मात्र एकही परत नाही. डाळिंबाचा दाणा नाही. रसभरी नाही.

आणि अंजिराला मी काय केलं होतं तर काहीच नाही. वरून अधिकच्या चिन्हासारख्या दोन चिरा दिल्या, तळापर्यंत न नेता, आणि बुडाला दोन बोटांनी दाबलं, की ते स्वतःच फुलासारखं उघडतं, आतून गुलाबी, बियांची नक्षी आयती. पुरंदरचं अंजीर, पिकलेलं पण घट्ट. एकेकाला पंधरा सेकंद. हंसाला दहा मिनिटं आणि ह्याला पंधरा सेकंद, आणि खाल्लं कुठलं गेलं बघा.

रसभरीचं कौतुक वेगळंच. तिच्याभोवतीचं ते कागदासारखं वेष्टण मागे वळवून जरा पीळ दिला की पिवळ्या मण्याला पंख फुटल्यासारखं दिसतं, मोठ्या हॉटेलांमध्ये केकवर हमखास असते ती हीच, आणि आपल्याकडे थंडीत हातगाडीवर मिळते. एका काकांनी विचारलं की फळाला कागद का चिकटवलाय. तो कागद खायचा नसतो हे मी सांगेपर्यंत त्यांनी अर्धा चावला होता. म्हणून आता वेष्टण पुरतं मागे वळवून देते, दांडीसारखं धरायला येतं.

त्या दिवशी रात्री भांडी आवरताना मला उगाच पीच मेल्बा आठवलं. १८९० च्या दशकात लंडनच्या सॅव्हॉय हॉटेलात ऑगस्त एस्कोफिये ह्या फ्रेंच शेफने नेली मेल्बा नावाच्या ऑस्ट्रेलियन गायिकेसाठी व्हॅनिला आइस्क्रीमवर पीच ठेवून दिले, ते बर्फात कोरलेल्या हंसाच्या पंखांमध्ये बसवून, कारण ती गात होती त्या ऑपेरात हंस ओढत असलेली नाव येते. रास्पबेरीचा रस त्याने नंतर वाढवला. आज जगभर पीच मेल्बा मिळतं, पीच आहे, आइस्क्रीम आहे, रास्पबेरी आहे. हंस गायब. म्हणजे एवढ्या मोठ्या माणसाचाही हंसच परत आला हो, मी कोण.

आणि मग सासूबाईंचा तो प्रश्न. शोभेला का खायला. खरं म्हणजे आपल्या ताटात फळाचं गार्निश पहिल्यापासून आहे, आपण त्याला गार्निश म्हणत नाही इतकंच. लिंबाची फोड. ताट वाढताना वर मीठ, त्याच्या शेजारी लिंबू, मग चटणी, कोशिंबीर, जागा ठरलेली. त्या पांढऱ्या भातापाशी ती पिवळी फोड नसेल तर ताट बोडकं दिसतं. पण ती शोभेची नाही, वरणभातावर पिळली जाते आणि जेवण संपेपर्यंत तिचं नुसतं साल उरतं. श्रीखंडावर चारोळी आणि पिस्त्याचे काप असतात तेही तसेच, दाताखाली येण्यासाठी. मऊ श्रीखंडात काहीतरी कुरकुरीत लागावं म्हणून. डाळिंबाचे दाणे परत आले नाहीत ते ह्याच कारणाने, ते फुटतात, आंबटगोड पाणी सुटतं ते प्लेटवर नाही, तोंडात सुटतं. त्यात सोलापूरकडचं भगवा डाळिंब असेल तर रंगाला दुसरं काही लागतच नाही.

लहानपणी केकवरच्या चेरीसाठी आम्ही भावंडं मारामाऱ्या करायचो. ती लालभडक, चिकट, चेरी म्हणून जी मिळायची ती बऱ्याचदा करवंद असते हे मला चाळिशीत कळलं! कच्ची घट्ट करवंदं, बिया काढून, लाल रंगात आणि साखरेच्या पाकात मुरवलेली. मे महिन्यात "डोंगराची काळी मैना" म्हणून द्रोणात विकायला येतात तीच. आणि टुटीफ्रुटी म्हणजे कच्ची पपई. म्हणजे बेकरीवाल्यांनी केव्हाच ओळखलं होतं की ताजं फळ केकवर टिकत नाही, त्यातलं पाणी काढून साखर भरा मग महिनोन्महिने चकचकीत राहतं. चवीचं काय ते सोडा. माझ्या मुलीला ती चेरी अजिबात आवडत नाही, बाजूला काढून ठेवते, मला मात्र अजूनही तीच पहिली खाविशी वाटते.

मी पाक वापरते तो मोसंबीसाठी. तीन-चार मिलीमीटर जाडीच्या चकत्या, आधी गरम पाण्याने साल चोळून धुवायची, चकत्या एकदा साध्या पाण्यात दोन-तीन मिनिटं उकळून ते पाणी फेकायचं म्हणजे सालीचा कडवटपणा कमी होतो, मग साखर आणि पाणी सारखं घेऊन त्या पाकात अगदी मंद आचेवर पाऊण तास. सालीच्या आतला पांढरा भाग काचेसारखा पारदर्शक झाला की झालं. जाळीवर रात्रभर सुकवायच्या. उजेडात धरलं तर देवळाच्या रंगीत काचेसारख्या दिसतात. हे आदल्या दिवशी करता येतं, उलट करायलाच हवं. नागपूर संत्र्याच्या चकत्या करून बघू नका, त्याची साल इतकी सैल असते की चकती कापली की साल एकीकडे आणि फोडी एकीकडे, ते सोलून खाण्याचं फळ आहे. केळवणात ह्या चकत्या निम्म्या खाल्ल्या गेल्या, निम्म्या परत. म्हणजे तसं बघितलं तर पास.

अननसाची फुलं पण मी नंतर करून बघितली, पातळ चकत्या टिपून, ओव्हनमध्ये १०० डिग्रीला दीड-दोन तास, आणि गरम असतानाच वाटीत दाबून बसवल्या की कडा वळून सूर्यफूल होतं. डिसेंबरात मस्त. जुलैत डोंबिवलीत करायची नाहीत, डब्यातून काढल्यापासून प्लेटपर्यंत जाताना मऊ पडतात, दमट पापडासारखी.

अंड्याशिवायची साखर लावलेली द्राक्षंही छान होतात, नुसत्या पातळ पाकात बुडवून साखरेत घोळवायची. लहान मुलं असतील तर द्राक्ष उभं कापून द्या, अख्खं गोल द्राक्ष त्यांच्या घशात अडकतं.

एक गोष्ट मात्र सगळ्यांनी नीट वाचा. स्टारफ्रूट, म्हणजे आपलं कमरख, शाळेबाहेर मीठ-तिखट लावून मिळायचं ते. कापलं की आपोआप चांदण्या पडतात म्हणून गार्निशवाल्यांचं लाडकं, आणि मी केळवणासाठी घेणारच होते. माझी मैत्रीण डायलिसिस सेंटरला नर्स आहे, तिला सहज फोटो पाठवला तर तिने ताबडतोब फोन केला. किडनीचा आजार असलेल्या माणसाला कमरख अजिबात द्यायचं नाही, एवढीशी चांदणीसुद्धा नाही. त्यातला एक विषारी घटक निरोगी किडनी बाहेर टाकते, आजारी किडनीला ते जमत नाही, मग न थांबणाऱ्या उचक्या, गोंधळल्यासारखं होणं, फिट्स, माणूस दगावूही शकतो. आणि आमच्या नणंदेचे सासरे दीड वर्ष डायलिसिसवर आहेत. नुसती शोभेची म्हणून ठेवलेली चांदणी त्यांनी उचलून तोंडात टाकली असती तर? तशीच ती टूथपिक. हंसाची मान नीट उभी राहत नव्हती म्हणून मी दोघांना आतून अर्धी टूथपिक खुपसली होती, बाहेरून दिसत नव्हती. बरं झालं कोणी खाल्ले नाहीत ते.

एप्रिलच्या शेवटी भाची आणि जावई अक्षय्य तृतीयेला आले, लग्नानंतर पहिल्यांदा. मी आम्रखंड केलं होतं आणि त्यावर आंब्याचं फूल. ह्याला हापूस लागतो तो पिकलेला पण अजून घट्ट, अर्धा तास फ्रीजमध्ये ठेवलेला, पायरीचं फूल करायचा विचारही करू नका, तो रसासाठी जन्माला आलाय. साल काढायची, एका बाजूचा गाल सबंध उतरवायचा, पालथा ठेवून आडव्या पातळ चिरा द्यायच्या, हाताने हलकेच तिरकं ढकलून ती चळत लांब पसरवायची, आणि एका टोकापासून गुंडाळत जायचं. बाहेरच्या पाकळ्या जरा उलगडल्या की गुलाब. पहिले दोन मोडले ते मी उभ्या उभ्या खाल्ले. तोतापुरीचं जास्त सुबक होतं आणि स्वस्तही पडतं, पण चवीला तोतापुरी म्हणजे, जाऊदे.

पाच माणसं, पाच फुलं, वाढायच्या आधी पाच मिनिटं केलेली, पुदिना नाही, काही नाही. भाची मोबाईल काढून म्हणाली, "मामी थांब, आधी फोटो," आणि ती अँगल शोधत होती तोवर सासूबाईंनी आपलं फूल चमच्याने अख्खं उचलून तोंडात टाकलं होतं.

"आंबा चांगला निघाला गं ह्या वेळचा," त्या म्हणाल्या. "अजून एक आहे का?"